तान्ह्या बाळाची उचकी थांबत नाही : आधी काय पाहावे, काय करू नये आणि डॉक्टरांना कधी गाठावे

लक्षणे

दूध पिऊन झाल्यावर, किंवा पिता पिता मध्येच, बाळाची छाती आणि पोट हिसका बसल्यासारखे उडते, त्याच क्षणी ‘हिक्’ असा बारीक आवाज होतो आणि मग ठरावीक अंतराने तेच पुन्हा पुन्हा होत राहते. हा प्रकार पाच-दहा मिनिटे, कधी अर्धा तास चालतो आणि दिवसातून अनेकदा होऊ शकतो. बाळाचा रंग बदलत नाही, दोन उचक्यांच्या मधला श्वास शांत असतो, डोळे नेहमीसारखे फिरतात आणि पुष्कळदा बाळ उचकी चालू असतानाच झोपी जाते. घरातली मोठी माणसे मात्र जागी राहतात. कोल्हापुरात बाळंतिणींच्या वॉर्डात परिचारिका म्हणून माझी सारी नोकरी झाली आणि निवृत्तीनंतरही पेठांमधून, कसबा बावड्याकडून रात्री-अपरात्री मला जे फोन येतात, त्यांत सर्वाधिक फोन याच एका तक्रारीचे असतात : “सिस्टर, बाळाची उचकी थांबंना झालीया, काय करू सांगा की.”

फोनवर मी पहिली खात्री करून घेते ती ही, की घरचे ज्याला उचकी म्हणत आहेत ती खरोखर उचकीच आहे. नवजात बाळ शिंकते, दचकते, झोपेत हातपाय झटकते, रडताना त्याची हनुवटी थरथरते. यांपैकी बहुतेक गोष्टी निरुपद्रवी असतात. थरथरणारा हात किंवा पाय आपण हलक्या हाताने धरला आणि थरथर थांबली, तर सहसा काळजीचे कारण नसते. धरूनही झटके चालूच राहिले, किंवा त्यांच्याबरोबर नजर एकाच जागी खिळली, तोंड चघळल्यासारखे हलू लागले, बाळ निळसर पडले, तर ती उचकी नाही. तेथे पुढचे काहीही वाचत न बसता थेट रुग्णालय गाठावे.

उचकी लागते म्हणजे काय होते

छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल नावाचा स्नायूचा पडदा असतो. तो एकाएकी आकसला की हवा झपकन आत ओढली जाते आणि लगेचच, सुमारे ३५ मिलिसेकंदांत, स्वरयंत्राचे दार बंद होते. तो ‘हिक्’ आवाज त्या बंद होण्याचा असतो. बाळाचे जठर या पडद्याला अगदी खेटून असते. भरभर प्यायलेल्या दुधाने किंवा दुधाबरोबर गिळलेल्या हवेने ते फुगले, की पडदा आणि त्याला आज्ञा पोहोचवणाऱ्या नसा चाळवल्या जातात. खालून वर येणारे थोडे दूधही हेच करते, कारण अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप या वयात सैल असते.

ही सवय बाळ पोटातूनच घेऊन येते. गर्भाला साधारण नवव्या आठवड्यापासून उचक्या लागतात आणि शेवटच्या महिन्यांत पोटात घड्याळाच्या टिकटिकीसारखे जे ठोके कित्येक आयांना जाणवतात, ते पुष्कळदा तेच असतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी १३ नवजात बाळांच्या मेंदूतील विद्युतलहरी टिपल्या होत्या. प्रत्येक उचकीबरोबर मेंदूत लहरींची एक मालिका उमटते, असे त्यांना आढळले आणि श्वासाचे स्नायू कसे चालवायचे हे बाळाचा मेंदू यातून शिकत असावा, असा अंदाज त्यांनी २०१९ मध्ये मांडला. आपल्याकडच्या आज्या “उचकी लागली म्हणजे बाळ वाढीला लागलं” असे म्हणतात. त्यांचे हे स्पष्टीकरण मला पटत नाही, पण घाबरू नका हा त्यातला सल्ला अगदी रास्त आहे.

उचकीने बाळाला अपाय झाल्याचे मी क्वचितच पाहिले आहे. उचकी थांबवण्यासाठी केलेल्या उपायांनी झालेला त्रास मात्र वारंवार पाहिला आहे. म्हणून खालच्या तपासण्या मुद्दाम या क्रमाने दिल्या आहेत : आधी ज्यांना पैसा लागत नाही आणि बाळाला हातही लावावा लागत नाही त्या, आणि शेवटी वजनकाटा व डॉक्टर.

पहिली तपासणी : घड्याळ

उचकी सुरू झाल्याची वेळ कागदावर लिहावी, बाळ शेवटचे कधी प्यायले तेही लिहावे आणि दहा मिनिटे काहीही करू नये. हे सांगायला सोपे आणि पाळायला सर्वांत अवघड आहे, कारण त्या दहा मिनिटांत घरातला प्रत्येक जण काहीतरी सुचवत असतो. तरीही ही पायरी गाळू नये. बहुतेक उचक्या आपोआप थांबतात, आणि वेळ लिहिली नसेल तर पाच मिनिटांची उचकी सकाळपर्यंत ‘रात्रभर’ होऊन बसते. डॉक्टरांना सांगताना हा फरक मोठा असतो.

कपाळावरच्या दोऱ्याची गोष्ट इथेच सांगून टाकते. शिवाजी पेठेतल्या एका घरात आजींनी लुगड्याच्या काठाचा धागा ओढला, जिभेवर ओला केला, त्याची बारीक गोळी वळली आणि बाळाच्या कपाळावर चिकटवली. बाळाची उचकी आठव्या मिनिटाला थांबली आणि आजींनी माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिले. दोऱ्याचा गुण एवढाच, की तो लावल्यावर कुणी दुसरे काही करत नाही आणि दहा मिनिटे निघून जातात. मी त्यांना दोन विनंत्या केल्या : धागा थुंकीने भिजवू नये, कारण मोठ्यांच्या तोंडातले जंतू बाळाला सोसत नाहीत, आणि तो ओघळून तोंडात जाईल असा ठेवू नये. आजींनी पहिली विनंती मान्य केली.

दुसरी तपासणी : ढेकर आणि बाळाला धरण्याची पद्धत

पिता पिता उचकी लागली असेल तर पाजणे थांबवावे, बाळाला उभे धरावे आणि ढेकर काढण्याचा प्रयत्न करावा. बाळाचे पोट आपल्या खांद्याशी येईल, हनुवटी खांद्यावर टेकेल आणि एक हात मान-डोक्याला आधार देईल असे धरावे. दुसऱ्या हाताचा तळवा किंचित पोकळ करून पाठीवर हलके थोपटावे किंवा खालून वर चोळावे. खांद्यावर जमत नसेल तर बाळाला मांडीवर बसवून, छातीला एका हाताचा आधार देऊन, हनुवटी बोटांच्या बेचक्यात अलगद धरून पुढे किंचित झुकवावे. मात्र बोटे गळ्यावर येता कामा नयेत. या स्थितीत जठरातली हवा वर येते आणि श्वासपटलावरचा दाब उतरतो. ढेकर आलाच पाहिजे असे नाही. पाच-सात मिनिटे थोपटूनही आला नाही तर सोडून द्यावे, कारण अंगावर पिणारी काही बाळे हवा गिळतच नाहीत आणि ढेकरासाठी झोपलेल्या बाळाला उठवून रडवले तर ते रडताना आणखी हवा गिळते.

ढेकर येऊन गेल्यावर उचकी चालू असली आणि बाळाला भूक असली, तर पुन्हा पाजायला हरकत नाही. कित्येकदा चार घोट संथपणे गिळले की उचकी मोडते. बाळ मात्र शांत असले पाहिजे. कळवळून रडणाऱ्या बाळाच्या तोंडात दूध घालू नये, त्याने ठसका लागतो.

पिऊन झाल्यावर वीस ते तीस मिनिटे बाळाला उभे धरून बसावे आणि मग सपाट अंथरुणावर उताणे झोपवावे. उचकी किंवा दूध वर येणे कमी व्हावे म्हणून गादीखाली घडी घालणे, पालथे झोपवणे, डोक्याखाली उशी देणे हे करू नये. डोके गोल व्हावे म्हणून आपल्याकडे मोहरीची उशी हौसेने शिवतात; तान्ह्या बाळाला गुदमरण्याचा धोका कुठल्याही उशीने वाढतो, मग ती आजोळहून आलेली का असेना.

तिसरी तपासणी : पोटावर काय आवळले आहे, अंगाला गार लागते आहे का

लंगोटाची नाडी, डायपरची पट्टी आणि दुपट्याची गुंडाळी यांपैकी काही पोटावर रुतते आहे का, ते पाहावे. दोन बोटे सहज आत गेली पाहिजेत. भरलेले पोट बाहेरून दाबले गेले की दूध वर सरकते. न्हाऊ घातल्यावर उघड्यावर गार वारा लागला तरी काही बाळांना उचकी लागते, विशेषतः आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या संततधारेत, जेव्हा अंगडी-टोपडी आठ-आठ दिवस वाळत नाहीत आणि दमट कपडेच अंगावर चढतात. अशा वेळी बाळाला आईच्या उघड्या छातीशी, अंगाला अंग लावून, वरून कोरडे पांघरूण घेऊन धरावे. शेगडीवर ओवा-शेपा टाकून दिलेली धुरी टाळावी. धुराने बाळाच्या श्वासनलिकेला त्रास होतो आणि उचकीच्या जागी खोकला येऊन बसतो.

चौथी तपासणी : बाळ पिते कसे

वारंवार येणाऱ्या उचकीचे मूळ मला बहुतेक घरांत इथेच सापडले आहे, म्हणून इथे घाई करू नये.

पहिला प्रश्न, बाळाला रडवून मग पाजले जाते का? भुकेचा इशारा बाळ रडण्याच्या कितीतरी आधी देते : ओठ चाटते, मूठ तोंडाकडे नेते, गालाला काही लागले की तिकडे तोंड वळवते. रडणे हा शेवटचा इशारा असतो. तोवर बाळाने बरीच हवा गिळलेली असते आणि मिळेल तसे हपापून ते पीत सुटते. पहिल्या महिन्यांत बाळ चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पिते. “दर तीन तासांनीच” असा नेम धरून बसलेल्या घरात बाळ नेमके हपापलेले राहते.

दुसरा प्रश्न, स्तन नीट तोंडात धरला आहे का? तोंड मोठे उघडलेले, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली आणि बोंडाभोवतालचा काळसर भाग वरच्या बाजूला जास्त व खालच्या बाजूला कमी दिसणारा, अशी पकड असावी. पिताना ‘टक् टक्’ असा आवाज येत असेल किंवा गालाला खळ्या पडत असतील, तर पकड सुटते आहे आणि फटीतून हवा आत जाते आहे. करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून घालून पकड सोडवावी आणि पुन्हा लावावे. आईला बोंडाशी दुखत असेल तर तीही पकड चुकल्याची खूण समजावी.

तिसरा प्रश्न, दूध फार जोरात येते का? बाळंतपणानंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवशी स्तन दगडासारखे घट्ट होतात, पान्हा फुटताच दुधाची धार लागते आणि बाळ गटागटा गिळताना ठसकते, सुटते, पुन्हा धरते. अशा वेळी पाजण्याआधी थोडे दूध हाताने काढून स्तन मऊ करावा, पहिली धार स्वच्छ फडक्यावर जाऊ द्यावी आणि आईने मागे रेलून बाळाला वरच्या बाजूने पाजावे, म्हणजे धारेचा जोर ओसरतो. एका बाजूचे संपल्यावर ढेकर काढून मगच दुसरी बाजू द्यावी.

आईच्या जेवणाकडे मात्र बोट दाखवू नये. तिने पांढरा रस्सा घेतला म्हणून बाळाला उचकी लागली, हा निवाडा मी अनेक घरांत ऐकला आहे. दुधाचा वेग आणि बाळाने गिळलेली हवा यांच्याशी आईच्या ताटातल्या रश्शाचा संबंध नाही. बाळंतिणीला उपाशी ठेवून बाळाची उचकी जात नाही.

पाचवी तपासणी : बाटली, वाटी-चमचा किंवा बोंडले

डॉक्टरांच्या सल्ल्याने वरचे दूध चालू असेल तर भांडे तपासावे. मंगळवार पेठेतल्या एका घरी सहा दिवस उचक्यांचा घोळ चालला होता. प्रत्येक वेळी पिऊन झाले की अर्धा तास उचकी आणि मग दुधाची गुळणी. बाळाचे वजन ठीक, बाळ हसरे. मी बाटली उलटी धरली, तर बुचातून दूध थेंबाथेंबाने पडायच्या ऐवजी सरळ धार लागली. बुचाचे भोक नुसते मोठे नव्हते, त्याच्या कडा काळपट आणि वितळलेल्या होत्या. चौकशी केल्यावर बाळाच्या काकांनी सांगितले, की बाळ प्यायला फार वेळ लावते म्हणून त्यांनी स्टोव्हवर सुई तापवून भोक मोठे केले होते. नवे बूच आणल्यावर दुसऱ्या दिवशीच उचक्या निम्म्याने कमी झाल्या.

बाटली उलटी केल्यावर दूध थेंबाथेंबाने पडावे, बाळाला निजवून न पाजता किंचित बसते धरावे, बूच दुधाने भरलेले राहील इतकीच बाटली कलती करावी आणि दर थोड्या घोटांनंतर थांबावे. पावडरचे दूध जोरात हलवले की फेस येतो. तो बसू द्यावा, नाहीतर बाळ फेसच पिते. पावडरचे माप डब्यावर दिल्याप्रमाणेच घ्यावे. खरे म्हणजे बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा चोचीचे बोंडले बरे, कारण ते उकळून स्वच्छ करणे सोपे असते. त्यानेही दूध घशात ओतू नये. चमचा खालच्या ओठाला टेकवावा आणि बाळाला स्वतःला चाटून घेऊ द्यावे.

गंगावेशीत समोर पिळून मिळणारे धारोष्ण दूध ही कोल्हापूरची शान आहे आणि ते पैलवानांना लखलाभ असो. वर्षाच्या आतल्या बाळाला म्हशीचे किंवा गाईचे दूध पाजू नये, आणि न उकळलेले तर कधीच नाही.

करू नये अशा गोष्टी

सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीही, अगदी पाणीसुद्धा, देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यामुळे उचकीसाठी साखरपाणी, ग्राईप वॉटर, गुटी हे सर्व बाद. मधाचे बोट तर अजिबात लावू नये. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या पोटात ते निष्प्रभ राहतात, पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करतात आणि त्याने स्नायू लुळे पडतात. गुटीबद्दल बोलले की घरात वाद होतो, हे मला ठाऊक आहे. मात्र सहाणेवर जायफळ किती वेढे उगाळले गेले याचे माप कुणाकडे नसते, जास्त जायफळाने बाळाला गुंगी येते, आणि गुंगीतले बाळ शांत झाले म्हणजे बरे झाले असे घरचे समजतात. नाक दाबणे, दचकवणे, तोंडावर पाणी मारणे, टाळू दाबणे, नाकाकानात तेल सोडणे यांतले काहीही करू नये.

सहावी तपासणी : तीन दिवसांची नोंद आणि वजन

एवढे करूनही उचकी पुन्हा पुन्हा येत असेल, तर तीन दिवस कागदावर चार रकाने आखावेत : पाजल्याची वेळ, उचकी किती मिनिटे, दूध वर आले का, लंगोट ओला झाला का. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा लघवी होत असेल, तर दूध पुरते आहे. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत वजन उतरते, पण साधारण दोन आठवड्यांत ते जन्माच्या वजनावर परत येते आणि पुढे पहिले तीन महिने रोज सुमारे २० ते ३० ग्रॅम वाढते. आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात तेव्हा त्यांच्याकडून वजन करून घ्यावे. वजन वाढते आहे, लघवी होते आहे आणि बाळ आनंदी आहे, तर उचकी कितीही वेळा लागली तरी औषधाची गरज नसते. वजन अडले असेल, बाळ पिताना पाठीची कमान करून रडत असेल किंवा स्तन नाकारत असेल, तर दूध वर येण्याचा त्रास वाढला असण्याची शक्यता असते आणि ते ठरवणे बालरोगतज्ज्ञांचे काम आहे. शेजारच्या बाळाला दिलेले आम्लपित्ताचे औषध आणून देऊ नये.

इथे थांबावे आणि डॉक्टर गाठावेत

एकदा माझीही चूक झाली. रात्री फोन आला, बाळ नऊ दिवसांचे होते आणि मी सवयीने दहा मिनिटे थांबायला सांगितले. बाळ शेवटचे कधी प्यायले हे विचारलेच नाही. पुन्हा फोन केला तेव्हा कळले, की दुपारपासून बाळाने स्तन धरलाच नव्हता आणि अंग गार लागत होते. बाळाला जंतुसंसर्ग झाला होता. वेळेत दाखल केल्यामुळे ते बरे झाले, पण तेव्हापासून कुणाचाही फोन आला की मी उचकीबद्दल बोलण्याआधी पिण्याबद्दल विचारते.

बाळ पिईनासे होणे, हलवल्याशिवाय हालचाल न करणे, शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजल्यावर श्वास ६० किंवा अधिक भरणे, श्वास घेताना बरगड्यांखाली खोल खड्डा पडणे, कण्हणे, ओठ किंवा जीभ निळी पडणे, काखेतले तापमान ३७.५ अंश सेल्सिअस किंवा अधिक अथवा ३५.५ पेक्षा कमी असणे, फिट येणे, हिरवी किंवा रक्ताची उलटी होणे, प्रत्येक पाजण्यानंतर दूध लांब उडेल अशी उलटी होणे, पोट फुगून टणक होणे, टाळू फुगलेली किंवा खोल गेलेली दिसणे, तळहात-तळपाय पिवळे पडणे : यांपैकी एकही खूण असेल तर उचकी असो वा नसो, घरचे सर्व उपाय थांबवावेत. उचकी कित्येक तास सलग चालू राहून बाळाला पिऊ किंवा झोपू देत नसेल, किंवा सतत उचक्यांबरोबर बाळ सुस्त आणि ढिले पडत असेल, तरीही त्याच दिवशी दाखवावे. काही अत्यंत दुर्मीळ जन्मजात विकारांत असे घडते आणि ते घरी ओळखता येत नाहीत. वेळेआधी जन्मलेल्या किंवा कमी वजनाच्या बाळाच्या बाबतीत तर शंका आली तेव्हाच निघावे.

शहरात सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, रात्रीही उघडे असते. वर्षाच्या आतल्या आजारी बाळाला सरकारी रुग्णालयात जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली उपचार आणि नेआण मोफत आहेत. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक लावावा. निघताना तो चार रकान्यांचा कागद, बाटली असेल तर बाटली आणि पाजलेले कुठलेही औषध किंवा गुटी बरोबर घ्यावी, उचकी चालू असताना मोबाईलवर अर्ध्या मिनिटाचे चित्रण करून ठेवावे, कारण रुग्णालयात पोहोचेपर्यंत ती हमखास थांबते. रस्त्यात बाळाला आईच्या छातीशी अंगाला अंग लावून धरावे, डोके टोपड्याने झाकावे आणि नाक-तोंड मोकळे दिसत राहील इतपतच पांघरूण घालावे.